गोल चर्चची पायवाट

“रोज जा, लीला. सगळ्यांच्या देखत जा. पण परवानगी मागू नकोस. कुणी हातात आणून दिली तरी घेऊ नकोस.”

शेजारच्या डोरोथीचं शेवटच्या आजारपणातलं हे बोलणं लीलावतीबाईंना आठवलं, कारण परवानगी आज खरोखरच स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडली होती. लॅमिनेट केलेली, त्यांच्या नावाची.

“मालकांकडून खास तुमच्यासाठी, काकू,” अपूर्व म्हणाला. मूळचा पुण्याचा, आता इथल्या इंग्रज जमीनमालकाच्या ऑफिसात. “उद्या पडक्या चर्चच्या फाटकाला लॉक लागतंय. तुम्हाला मात्र कधीही एन्ट्री. फक्त इथे सही.”

“आणि बाकीच्यांना?”

“बाकीचं जातंय कोण? कुत्री फिरवणारे चार जण.”

शेतापलीकडचं ते चर्च टेम्प्लर नावाच्या योद्धा-साधूंनी बांधलेलं, त्यांच्या रीतीने गोल. पुढे एका राजाने त्यांचा संघ मोडला, दुसऱ्याच्या माणसांनी छपरावरचं शिसंसुद्धा उतरवून नेलं. उरली कमरेएवढी गोल भिंत. तिच्याभोवती लीलावतीबाई रोज सकाळी अनवाणी अकरा प्रदक्षिणा घालत. तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. डोरोथी बाकावर बसून मोजायची. कायदाही तिनेच समजावला होता: लोक वीस वर्षं न विचारता, न लपता चालत राहिले, तर वाट लोकांची. पास घेतला, की मालकाची मेहेरबानी.

दोघी पहिल्यांदा गेल्या तो सेंट जॉनचा दिवस, जूनमधला सण. आज त्याला वीस वर्षं पुरी होत होती.

बाईंनी पास उलटा करून परत सरकवला.

“अहो काकू, तुमच्या सोयीसाठीच आहे. आणि नुसते दगड तर उरलेत. आपला देवही नाही तिथे.”

“शिसं नेलं रे त्यांनी. देव कुठे नेला?”

अपूर्व हसला, मग ओशाळला. “ऑफिसला काय कळवू? पास का नाकारला?”

“खरं तेच लिही. बाई वीस वर्षं रोज येतेय, कुणाला न विचारता. खाली तारीख घाल, सही कर.”

त्याचं पेन कागदावर थबकलं. आपण मालकाविरुद्धचा पुरावाच लिहून देतोय हे त्याला उमगलं असावं. त्याने एकदा बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घालून लिहायला लागला.

“चहा झाकून ठेवलाय, तुझा तू घे. माझा आल्यावर.”

बाईंनी रेनकोट चढवला, दार लोटलं. मोजायला आता डोरोथी नव्हती. शेताच्या वाटेला लागता लागता त्यांनी अंगठा बोटाच्या पहिल्या पेरावर टेकवला.