केरबाचा तास

"सर, मोबाईल जरा खिडकीपाशी धरा, रेंज जाऊन राहिली," आमच्या गणिताच्या बाई सिंधू म्हणाली आणि मी, किनवटजवळच्या या आश्रमशाळेचा मुख्याध्यापक, तिचा मोबाईल दोन्ही हातांनी धरून खांबासारखा उभा राहिलो. एम.ए.च्या प्रवेशाची मुलाखत तिची, हात दुखत होते माझे.

विषय कोणता, तर शैक्षणिक तंत्रज्ञान. खरं सांगतो, मला राग आला होता. मे महिन्यात मी निवृत्त होणार. माझ्या खुर्चीत सिंधूच बसावी म्हणून शाळा व्यवस्थापनाच्या पदविकेचा अर्ज मी स्वतः आणून तिच्यापुढे ठेवला होता. तिचे वडील किशनराव नायगावहून खास येऊन बजावून गेले, "पोरी, हेडमास्तरीण हो. ते टीव्हीचं शिक्शान कशाला पायजे?" पोरगी ऐकेल तर शपथ.

मोबाईलमधल्या मॅडमनी विचारलं, "पदवी घेऊन पुढं काय करणार?"

"धडे तयार करणार. आमच्या मुलांना कळतील असे."

"एखादा दाखवा."

गुणोत्तरावरचा पहिला धडा तिनं स्वतःच्याच आवाजात, अगदी पुस्तकी भाषेत केला होता. पोरं बसल्या जागी पेंगली होती. आता तिनं शाळेच्या टीव्हीवर दुसरा लावला आणि मी मोबाईल तिकडे वळवला. पडद्यावर आमचा स्वयंपाकी केरबा, चुलीपुढे.

"चाळीस लेकरायला चार किलो तांदूळ. साठ झाली तर किती? बोला की!"

"सहा!" पडद्यावरची पोरं ओरडली.

"हाव. अन् पाणी तेवढंच ठिवलं, तर माझ्या नावानं बोटं मोडताल!"

मॅडम हसल्या. त्यांच्या शेजारी बसलेले सर मात्र गंभीर. "शाळेत शिकवता, तर व्यवस्थापनाची पदविका सोडून इकडे का? मुख्याध्यापक झाला असतात."

"झाले असते सर, एका शाळेची. हा धडा तालुक्यातल्या चौदा शाळांत लावतात."

चौदा! मला पत्ताच नव्हता.

"धड्यातले हे गृहस्थ कोण?" मॅडमनी विचारलं.

"आमचे विषयतज्ज्ञ."

केरबा दारात उभा राहून ऐकत होता. तो गडबडून पुढे आला. "न्हाई जी, मी स्वैपाकी हाय. चौथी नापास."

"नमस्कार, केरबा सर," मॅडम म्हणाल्या. केरबानं आधी पंच्याला हात पुसले, मग जोडले.

"सिंधूताई, प्रवेश पक्का समजा," मॅडम म्हणाल्या. खुर्चीत कोण बसायचं ते बसो. ही पोरगी माझ्या शाळेतली, याचा अभिमान छातीत मावत नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकघराकडून वास आला आणि केरबा "आगं आई!" म्हणत पळाला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा भात करपला होता. एरवी मीच सगळ्यांत आधी खेकसलो असतो. त्या दुपारी मी पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसलो आणि तो भात दोनदा मागून घेतला.