भाऊजींकडची फाइल

सुताराचा कारखाना जळाला तेव्हा सगळ्यांनी त्याला एकच धीर दिला: विमा आहे ना. विमा होताच. पण आग भडकली थिनरच्या डब्यांमुळे, आणि विम्याच्या अर्जात लिहिलं होतं की पेट घेणारा कुठलाही माल इथे ठेवत नाहीत. कंपनीने दावा फेटाळला. शिवाय पत्राखाली ‘आपले विश्वासू’ असंही लिहिलं.

अर्ज भरला होता विमा ब्रोकरने. ब्रोकर म्हणजे सुताराच्या थोरल्या बहिणीचा नवरा. थिनरचं सुताराने त्याला सांगितलं होतं आणि ते भाऊजींच्या फाइलीत नक्की असणार होतं. भाऊजी काही टाकत नसत. लग्नाला न आलेल्यांची यादीसुद्धा त्यांनी जपून ठेवली होती.

कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडे तक्रार करायची मुदत सोमवारी संपत होती. शनिवारी सुतार बहिणीकडे गेला. पुढच्या खोलीतच भाऊजींचं ऑफिस.

“भाऊजी, माझी फाइल.”

“चहा घे.”

“मागच्या खेपेलाही चहाच घेऊन गेलो.”

“घरच्या माणसाकडे कागद मागतोस? उद्या ताईचं लग्न झाल्याचा पुरावा मागशील.”

“तो पुरावा खुर्चीत बसलाय,” ताई आतून म्हणाली. “द्या त्याला.”

“सापडत नाही गं.”

ताई बाहेर आली आणि नुसती नवऱ्याकडे बघत उभी राहिली. भाऊजी उठले. ग्राहकाचं रेकॉर्ड सांभाळायचं आणि त्याने मागितलं की द्यायचं, हे ते नव्या ब्रोकरांना तासभर शिकवत. ऐकणारे पेंगत, पण भाऊजींचा त्यावर खरोखर विश्वास होता.

फाइलीत त्यांच्याच सुबक अक्षरात टिपण होतं: ‘थिनर ठेवतो असं ग्राहक म्हणाला. लिहिल्यास हप्ता वाढेल. मेहुणा आहे. लिहिलं नाही.’

“तुझं भलंच बघितलं रे.”

“बघितलंत. माझे कारागीर घरी बसलेत, भाऊजी.”

“हे तक्रारीला जोडलंस तर माझा परवाना जाईल.”

“आणि नाही जोडलं तर?” ताईने विचारलं.

“माझा कारखाना गेला,” सुतार म्हणाला.

भाऊजींनी ते पान चिमटीत धरलं. ताईला वाटलं, आता फाडतात. पण कागद फाडायची सवयच नव्हती त्या हाताला. त्यांनी झेरॉक्स काढली, ‘खरी प्रत’ लिहून सही केली, शिक्का मारला.

“नीट उठलाय ना बघ. पुसट असला तर परत पाठवतात.”

सुताराने शिक्का उजेडात धरून बघितला. “येतो ताई,” म्हणून तो निघाला. ताई जिन्यापर्यंत आली.

“आजच देऊन टाकू नकोस,” ती हळूच म्हणाली. “सोमवारी दे. उद्याचा दिवस तरी हे ब्रोकर राहू देत.”

सुतार बरं म्हणाला. सोमवारी तक्रारीची खिडकी उघडायच्या आधीच तो रांगेत उभा होता.