उभ्या खाचेतलं कार्बाइड

लेकीने लोखंड कातायच्या लेथवर, होल्डरच्या उभ्या खाचेत कार्बाइडचा कडक, ठिसूळ चौकोनी तुकडा सरकवला आणि स्क्रू आवळला. स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याने तोंड असं केलं, जणू कुणी त्याच्या ताटात थुंकलं होतं.

"काचेसारखं फुटेल ते."

"फुटू दे."

"होल्डर माझा आहे."

"होल्डर नाही फुटणार, बाबा."

हा होल्डर त्याने तीस वर्षांपूर्वी स्वतः घडवला होता. इतरांची कापणारी टूल्स शाफ्टच्या फिरत्या दांड्यासमोर आडवी झोपतात. यातलं जवळजवळ उभं राहतं, आणि धार लावायची ती फक्त डोक्यावर. जन्मभर त्याने त्यात साधं हायस्पीड स्टीलच वापरलं, आणि त्याचा कोण तोरा! आता हात असे थरथरायचे, की हातातली कपबशी वाजायची. लेथ पुतण्याला द्यायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. पुतण्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो मान खाली घालून उभा राहायचा. लेकीला ते कधी जमलं नाही. सकाळी तिनेच पैज घातली होती. आजचा शाफ्ट संध्याकाळपर्यंत मापात उतरला तर लेथ तिचं. बिघडला तर खुशाल पुतण्याला द्या, ती तोंडातून ब्र काढणार नाही. तावातावाने तोही हो म्हणून बसला होता.

शाफ्ट झिजलेला, वर वेल्डिंगचा थर चढवलेला. साध्या स्टीलची तीन टूल्स त्यावर दुपारपर्यंत बोथट झाली होती. कार्बाइड मात्र त्या कडक गाठी खात सुटलं. म्हातारा तडकण्याच्या आवाजासाठी कान टवकारून बसला. आवाज काही येईना. का येईना, हे त्याला कळत होतं आणि तेच जास्त झोंबत होतं. उभ्या टूलवर भार सरळ खाली उतरतो. कार्बाइडला दाब सोसतो, वाकणं सोसत नाही. म्हणजे त्याचाच होल्डर तिला सामील झाला होता.

टूलचा शेवटचा एक हात फिरवायचा राहिला, तेवढ्यात शाफ्टवाला गिऱ्हाईक दारात आला. लेथ बंद करून ती बाहेर बोलायला गेली.

म्हातारा उठला. पाना फिरवताना त्याचा हात जराही थरथरला नाही. स्क्रू सैल केला, तुकडा तीन मिलिमीटर वर ओढला आणि पुन्हा आवळला. धार शाफ्टच्या मध्याच्या वर गेली की कापत नाही, घासते. मग कार्बाइड तडकतं आणि जाता जाता शाफ्टलाही ओरबाडतं. तो परत स्टुलावर येऊन बसला. लाज वाटली का? वाटली. पण हिच्यापुढे हरणं त्याहून कडू होतं.

लेक आत आली. बटणाकडे गेलेला हात तिने मागे घेतला. खिशातून पोलादी पट्टी काढून तिने टूलचं टोक आणि शाफ्ट यांच्यामध्ये हलकेच धरली. टोक मध्याला असतं तर पट्टी उभी राहिली असती. ती पलीकडे कलली.

मशीनला पाठ दाखवलीस की परत पट्टी लावायची, हे त्यानेच तिला बोटांवर पट्ट्या मारून शिकवलं होतं.

आता ही घर डोक्यावर घेणार, म्हणून त्याने अंग आवळून घेतलं. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुकडा खाली घेतला, पट्टी लावली. पट्टी आता उभी राहिली. मग तिने लेथ सुरू केलं.

शाफ्ट मापात उतरला. गिऱ्हाइकाने त्यावरून दोनदा बोट फिरवलं आणि तो खूश होऊन गेला.

"लेथ तुझं," म्हातारा म्हणाला. "शब्द दिला होता."

"हो."

"मगाशी मी..."

"चहा घेणार का तुम्ही?"

"घेईन."

ती हात धुवायला निघाली. दारापर्यंत जाऊन थांबली आणि मागे वळली. तिने होल्डरचा स्क्रू सैल करून कार्बाइडचा तुकडा काढला, पुसला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. मग नळावर गेली.