नळीत न घातलेले उंदीर

चंदनसारच्या बाजूला आमचं कॉलेज आहे. तिथल्या उंदरांच्या खोलीत मी सात वर्षं काम करतेय. खाणं घालायचं, पाणी भरायचं, भुसा बदलायचा. ऋतिका मॅडमचं पीएचडीचं काम तिथंच चालतं. अर्धे उंदीर ती एकेका नळीत दोन तास कोंडते, अर्धे तसेच पिंजऱ्यात ठेवते. मग कोण किती घाबरलं ते बघते, रक्त काढते, रोगाशी लढणाऱ्या पेशी मोजते. कोंडलेल्यांच्या पेशी कमी व्हायला हव्यात, बाकीच्यांच्या नाही. एवढं सिद्ध करायला तिची तीन वर्षं गेली.

"मॅडम, जीव घाबरला की दुखणं लागतं, हे मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं," मी एकदा म्हटलं. हसली बिचारी.

गेल्या महिन्यात माझ्या पाठीला नागीण निघाली. नुसती आग आग! आम्ही पडलो ठेकेदाराची माणसं, आम्हाला कसली आलीय रजा? दोन खाडे झाले की गेटचं कार्ड जमा, काम गेलं. मग आमच्यातल्या सगळ्याच बायका करतात तेच मी केलं. तीन दिवस पहाटेच, मॅडम यायच्या आत, नवऱ्याला पाठवलं. चंद्रहास आमचे बोळिंजच्या वाडीत राबलेले, कामाला वाघ. पिंजरे लख्ख धुतले. वहीत माझ्या नावाची सही ठोकली. वॉचमनने काणाडोळा केला.

मी परत आले तर ऋतिका मॅडम टेबलावर डोकं टेकून बसलेली.

"सगळं बोंबललं, मावशी. न कोंडलेले उंदीरसुद्धा तीन दिवस घाबरून कोपऱ्यात बसलेत. त्यांच्याही पेशी खाली गेल्यात. आता पहिल्यापासून करायचं म्हणजे नवे चाळीस उंदीर आणि सहा महिने. माझी मुदत मार्चला संपतेय." तिनं डोळे पुसले. "कुणी परका पुरुष आला होता का आत? पुरुषाच्या घामाच्या वासानं उंदीर बिथरतात. पण वहीत तर रोज तुमचीच सही आहे."

बोलावं तर माझं काम जाणार, गप्प बसावं तर पोरीची तीन वर्षं जाणार. वर आणखी चाळीस जीव. प्रयोग संपला की त्यांना मारतात, ते मला बघवत नाही. दोन दिवस मी तोंड शिवून बसले. लाज वाटत होती, आणि भीती लाजेपेक्षा मोठी होती, खोटं कशाला बोलू? ती आपली बिस्किटांवर दिवस काढत होती, तोंड आलेलं, त्याच त्याच वह्या उलटत होती, चूक आपलीच म्हणून.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही.

"अगं पोरी, नको डोकं फोडून घेऊस. माझा नवरा आला होता माझ्या जागी."

ती ताडकन उठली. "खरंच? मग तेवढेच तीन दिवस वगळता येतील! बाकीचं सगळं टिकतंय! मावशी, लिहून द्याल?" आणि मग तिचा चेहरा उतरला. "पण तुमचं काम..."

"ते बघू. कागद आण."

लिहून दिलं, खाली सही केली, माझी स्वतःची. दुसऱ्याच दिवशी तो कागद बघून ठेकेदार कल्पेशनं कार्ड जमा करून घेतलं. फसवणूक केलीत म्हणाला. केली होतीच.

चार दिवसांनी ऋतिका मॅडमचा फोन.

"मावशी, कल्पेशनं नवीन माणूस पाठवलाय. पुरुष. बाई नाहीच म्हणे त्याच्याकडे. उंदीर परत बिथरलेत. शेवटचे पंधराच दिवस राहिलेत हो."

"मग?"

"माझे गाईड सर म्हणाले, मावशींनाच बोलाव. कल्पेशशी बोलणं झालंय. तो नवीन माणूस घरी बसेल. फक्त... वहीत सही त्याच्या नावानं करायची. चालेल ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जे केलं म्हणून मला हाकललं, तेच करायला बोलावतायत! चांगले चार शब्द अगदी जिभेवर आले होते. पण भांडायलाही अंगात जोर लागतो. आणि ती पोरगी तिकडे श्वास धरून उभी होती, ते मला फोनवरही कळत होतं.

"मावशी? आहात ना?"

"आहे. नाव काय त्याचं?" मी विचारलं. "सहीला लागेल."