दोनशे छप्पन्न घरांची गल्ली

"सातदा लिवलं म्हणली ईश्वरी. सातीबी मेल अप्पानं दारातूनच परत धाडले म्हणं."

जीवशास्त्राच्या वनमालाबाई सांगत होत्या. त्या कालच पुण्याहून आल्या होत्या. तिथे स्टँडवर त्यांना मन्मथप्पाची ही लेक भेटली. पत्ता विचारला तर तो न देताच तिने बस पकडली.

"मी कावून धाडीन बाई? तीन महिने रोज वाट बघायलोय," कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळणारा मन्मथप्पा म्हणाला.

खोटं नव्हतं ते. सिरसाळ्याचं स्थळ मोडून लेक पुण्याला नोकरीला गेली, तेव्हा रागाच्या भरात त्याने तिचे फोन आपटले होते. शेवटी तिने बूथवरून जगदेवीला, आईला, सांगितलं की आता अप्पांना कॉलेजच्या पत्त्यावर मेल करीन. उत्तर आलं तर दिवाळीला येईन, नाही आलं तर समजून घेईन. राग काय, आठ दिवसांत ओसरला. पण मेलच येईना, आणि आपणहून लिहावं तर तिचा पत्ता कुणाला ठाऊक! दिवाळी आली तशी गेली.

वनमालाबाई तासाला गेल्या, आणि मन्मथप्पाला आठवली ती मेलची चाळणी!

पोळ्याच्या सुमारास प्राचार्यांच्या मेलपेटीत लॉटरीच्या कचऱ्याचा नुसता पूर आला होता. तेव्हा मन्मथप्पाने प्रोग्रामच्या तयार तुकड्यांची एक लायब्ररी इंटरनेटवरून उतरवून घेतली आणि कॉलेजच्या सगळ्याच मेलवर या चाळणीचा पहारा बसवला. मेल कुठल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे कुठल्या कॉम्प्युटरवरून, आला ते आधी पाहायचं, पत्ता यादीत असला तर न उघडताच परत. त्या पत्त्यात आकडे चार. पुण्यातली एक कंपनी फुकट मेलची सोय द्यायची, बराचसा कचरा तिच्याकडूनच यायचा, आणि शेवटचा आकडा दर वेळी निराळा. कोण रोज भरत बसणार? या गड्याने तो आकडा मोकळाच सोडला, म्हणजे शून्य ते दोनशे पंचावन्न, काहीही असो, मेल परत. दोन-चार चोरांपायी दोनशे छप्पन्न घरांची गल्ली बंद! प्राचार्यांनी सगळ्या स्टाफसमोर पाठ थोपटली होती.

त्याने चाळणीची नोंद उघडली. कचरा रात्रंदिवस, ढिगाने आलेला. पण दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास त्याच गल्लीतून एकच एक सुटा मेल, असे सात. सातवा दिवाळीच्या आदल्या रविवारचा, त्यानंतर एकही नाही. नाव नाही, मजकूर नाही. चाळणी काही साठवतच नव्हती. फक्त पत्ता, वेळ आणि मेल परत करताना जोडलेलं वाक्य.

ते वाक्य मन्मथप्पाचंच. लायब्ररीत त्यासाठी जागा होती, म्हणून मोठ्या हौसेने इंग्रजीत जुळवलेलं. तुमचा मेल इथे नको आहे, पुन्हा लिहू नये.

"मीच की गं बाई," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "मीच."

यादीतली ती ओळ त्याने तिथल्या तिथे पुसली. घरी जगदेवीने रोजच्यासारखं विचारलं, आलं का काही? आजही नाही, म्हणत तो हातपाय धुवायला गेला.

आता त्या गल्लीतून दिवसाला वीस-पंचवीस मेल येतात. पुन्हा पहारा बसवा म्हणून प्राचार्य मागे लागलेत, आणि मन्मथप्पा हो हो म्हणतो. मग रविवारी, कॉलेज बंद असताना, दहाच्या आत लॅबचं कुलूप काढतो आणि लॉटरीचा एकेक मेल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.