काशिरामने लावलेला नेम

मित्रांनो, मी रायफलीवर बसवायची एक जुनी दुर्बीण. काचेला आता बुरशी चढली आहे, तरी एक गोष्ट मला अजून लख्ख दिसते. तीच सांगते.

पनवेलजवळच्या कोन गावात काशिरामने मला त्याच्या रायफलीवर चढवले. पीक राखायचा परवाना होता त्याचा, कारण रानडुकरे उभे भात लोळवायची. माणूस भारी चिकट! शेताच्या पार टोकाला, शंभर मीटरवर, त्याने फळी रोवली आणि तिच्यावर चुन्याचा ठिपका दिला. गोळी झाडायची, किती चुकली ते बघायचे, माझ्या डोक्यावरची चकती जराशी फिरवायची, की पुन्हा गोळी. अखेर गोळी ठिपक्यात बसली आणि मी हरखून गेले.

पण आमची गोळी लहान आणि धिमी. ती आधी किंचित वर चढते, मग खाली येते. शंभरला नेम लावला, तर चाळीसवर ती चार बोटे उंच जाते. काशिरामला हे ठाऊक होते. डुकरे यायची ती पलीकडच्या ओढ्यातून, म्हणून त्याने शंभर ठरवले.

पुढे काशिराम वारला. दर दसऱ्याला त्याची बायको गुणाबाई माझ्या चकतीवर हळदकुंकू वाहायची आणि मुलाला, प्रितमला, बजावायची, "बाबांनी नेम लावलाय. कोनी हात लावायचा नाय." तो कशाला लावतोय! मलाही तो मान गोड वाटायचा, खोटे कशाला बोलू?

मग मोठ्या रस्त्यात शेत गेले. उरला चाळीस मीटरचा तुकडा. गुणाबाईने हट्टाने त्यातही भात लावला. माझा नेम मात्र शंभरावरच राहिला.

एका संध्याकाळी रस्त्याच्या भरावाकडून डुक्कर घुसले. गुणाबाई डबा बडवत धावली, तसे ते तिच्यावरच उलटले. ती आडवी पडली.

"आये, हलू नको!" प्रितम ओरडला.

त्याने माझ्यातून पाहिले. माझ्या काचेतली नेमाची फुली डुकराच्या कानामागे, अगदी स्थिर. इतका शांत हात मी काशिरामचाही पाहिला नव्हता. पण डुक्कर होते चाळीसवर, फुली जरा खाली घे, हे अरे देवा, मी सांगणार तरी कशी? गोळी डुकराच्या डोक्यावरून भरावात गेली. दुसरी भरेपर्यंत डुकराने गुणाबाईची मांडी फाडली होती.

दवाखान्यात शेजारणी प्रितमला बोल लावू लागल्या. गुणाबाई म्हणाली, "नका गं बोलू त्याला. हात हलतो मानसाचा." दुसऱ्या दिवशी ती गेली.

रायफल चौकीत जमा झाली आणि तिच्यावरून उतरवलेली मी घरच्या कपाटात पडले. जेवताना प्रितम मध्येच थांबतो, उजवा हात पुढे धरून बघत बसतो.

"हलतोय का गं?" तो बायकोला, कीर्तीला, विचारतो.

"नाय हलत. जेवा ना."

"तवा हलला."

मित्रांनो, वडीलधाऱ्यांच्या वस्तू जरूर जपा. पण त्यांनी एखादी गोष्ट तशी का केली, तेही विचारून ठेवा. नुसती पूजा करू नका. आणि माझे एक काम करा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कोनला गेलात तर प्रितमच्या घरी जा आणि त्याला सांगा, बाबा रे, तुझा हात हलला नव्हता.