पहिली ओळ मंगळूची

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे खरं, पण तो आठवडा रागावण्यासारखाच होता. सातपूरच्या आमच्या कारखान्यात, खालच्या थंड खोलीतल्या मेनफ्रेमवरची, म्हणजे कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवरची, कामगारांची हजेरी रोज सकाळी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्यायची आणि छापून द्यायची, हे माझं काम. स्प्रेडशीटचं जुनं व्हर्जन यादीतली पहिली ओळ गिळायचं. म्हणून माझ्या आधी हे काम करणाऱ्या सायखेड्याच्या देवरामभाऊंनी यादीच्या डोक्यावर एक खोटा कामगार बसवून ठेवला होता: मंगळू, बिल्ला नंबर शून्य. "जेवताना पहिला घास बाजूला काढतो ना ताई, तसंच हे हाय. त्याचं त्याला खाऊ द्या," असं रिटायर होताना ते बजावून गेले होते.

अठ्ठ्याण्णव साली नवं व्हर्जन आलं, ते ओळ गिळेना, आणि मंगळू राजरोस छापून आला. हजर, सकाळी आठ. आमचे मॅनेजर गायधनी साहेबांनी सगळ्यांदेखत कागद माझ्या अंगावर फेकला. "चारशे बाराचे चारशे तेरा? अक्कल गहाण टाकलीय का?" मी तणतणत गेले आणि मंगळूला पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कागदावर चारशे अकरा. मेनफ्रेमवर मात्र पूर्ण चारशे बारा! तीनदा उतरवलं, तिन्ही वेळा पहिलीच ओळ गायब: नवसाबाई, कारखान्याचा पाया खणला तेव्हापासूनची कँटीनवाली, माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आलेली. अकराचा चहाही आला नाही. खाली जाऊन विचारलं, तर वीस वर्षं तिच्या शेजारी उभा असलेला आचारी म्हणाला, "कोण नवसाबाई?"

साहेबांनाही ती आठवेना. "मेनफ्रेमवरूनही नाव काढा. आकडा जुळल्याशी मतलब," ते म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते नाव काढलं असतं तर ती बाई कुठेच उरली नसती.

मी मंगळूला परत यादीत घातलं. तो मुकाट्याने छापून आला, नवसाबाई नाही आली. खोटा घास नव्या व्हर्जनला चालत नव्हता. मग संतापाच्या भरात मंगळू खोडून त्या जागी मी साहेबांचं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट, आणि घरी गेले.

सकाळी बरोबर चारशे बारा. पहिली ओळ नवसाबाईची.

साहेबांच्या केबिनमध्ये जुन्या फायलींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते आणि त्यांवर धूळ होती. अकराला नवसाबाई ट्रे घेऊन आली, तिला बघून मला रडूच फुटलं. ट्रेमध्ये दोन कप होते. ती केबिनच्या दाराशी थबकली, मग माझ्याकडे वळली.

"ताई, ह्यो दुसरा कप कोनाचा वं? हाताला सवय हाय म्हून भरला, पन कोनाचा ते ध्यानातच येत नाय."

माझा राग अजून उतरला नव्हता. "ठेव इथेच," मी म्हणाले, आणि तोही कप मीच प्यायले. त्यात दोन चमचे साखर जास्त होती, साहेबांना लागायची तेवढी.